न रुसलेला लाभार्थी

यादी चिकटवली त्या दिवशी दीपश्रीला वाटलं होतं, आता गावात खळबळ उडणार. खळबळ उडाली, पण तिच्या मनात होती ती नव्हे.

जांभूळकोप हे अळणावरपासून सात मैलांवरचं गाव. अर्धं नाव मराठी, अर्धं कानडी, आणि माणसंही तशीच. भांडण मराठीत सुरू करायचं, रंगात आलं की कानडीत न्यायचं आणि मिटवायला पुन्हा मराठीत यायचं. दीपश्री सहायक कृषी अधिकारी म्हणून इथं येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. धारवाडच्या वकिलाची मुलगी, शिक्षणही धारवाडच्याच कृषी विद्यापीठात. शेवटच्या वर्षी तिनं तुषार संचावर प्रकल्प केला होता. शेतात फवारा सुरू करायचा, त्याच्या भोवती मोजलेल्या अंतरावर रिकामे डबे मांडायचे आणि तासाभरानं प्रत्येक डब्यात किती पाणी साठलं ते बघायचं. पाणी सगळीकडं सारखं पडतं का, हे ओळखायची ती साधी रीत. तिला ती फार आवडायची. जगातल्या बहुतेक गोष्टींभोवती असे डबे मांडता येतील, असं तिचं त्या वयात प्रामाणिक मत होतं.

२००३च्या मार्चमध्ये जांभूळकोपला वीस तुषार संच मंजूर झाले. निम्मी किंमत सरकारची, निम्मी शेतकऱ्याची. सोबत एक नवं परिपत्रक आलं. अनुदान कुणाला मिळणार त्यांची नावं, जमिनीचे सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि रक्कम आधी पंचायतीच्या फळ्यावर लावावी, मग गावात सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर रंगवावी. पंधरा दिवस कुणालाही लेखी हरकत घेता येईल. प्रत्येक लाभार्थ्यानं त्याच मुदतीत संमतिपत्रावर सही करावी. कुणाची सही राहिली किंवा कुणाचं नाव खोटं निघालं, तर तो संच प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला द्यावा.

दीपश्रीनं ते परिपत्रक तीनदा वाचलं. इतकं सरळ सरकारी लिखाण तिनं आधी पाहिलं नव्हतं.

तालुक्याच्या साहेबांनी मात्र ते दोन बोटांत धरून परत केलं. "म्याडम, कागद चिकटवा, फोटो काढून घ्या. वारा सुटला की कागद जातो. रंगवत कशाला बसता?"

"परिपत्रकात रंगवा असं लिहिलंय, सर."

"परिपत्रकात पुष्कळ लिहिलेलं असतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

दहा मार्चला यादी फळ्यावर लागली आणि अकराला सकाळी सटवाजी आले. सत्तरी उलटलेली, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. लक्ष्मीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी यादीवर वरून खाली बोट फिरवलं, खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीवर थांबले आणि दीपश्रीच्या टेबलापुढं येऊन उभे राहिले.

"बाई, ही यादी कुणी केली?"

"नावं तालुक्यातून आली, अप्पा. क्रम मी लावला. चूक आहे का काही?"

"अडिवेप्पा पयला आणि मी सतरावा, आणि तुम्ही इचारता चूक हाय का?"

"वर्णानुक्रमानं आहे ते. 'अ' आधी येतो, 'स' नंतर."

"ते शाळंत. हितं 'स' आधी येतो."

"अप्पा, संच सगळ्यांना सारखाच मिळणार आहे. पहिल्याला मोठा आणि सतराव्याला लहान असं नाही."

सटवाजींनी तिच्याकडं कीव करून पाहिलं. "अडिवेप्पा ह्या गावात घरजावई म्हणून आला. चाळीस वर्सं झाली, माणूस चांगला हाय, नाव ठेवत न्हाई मी. पण घरजावई वर आणि नारळाचा मानकरी खाली? मी सही करणार न्हाई. लिवून ठेवा, सटवाजी रुसलाय."

दीपश्रीनं खरंच लिहून ठेवलं. तिच्याकडं आखीव वही होती. त्यात चार रकाने पाडले होते: नाव, तारीख, हरकत, उपाय. अमक्याकडं जमीनच नाही, तमक्यानं गेल्या साली संच घेऊन विकला, अशा हरकती येतील म्हणून ती दबा धरून बसली होती. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं: 'क्रम मान्य नाही.' उपायाचा रकाना मोकळा सोडला.

संध्याकाळपर्यंत अशा सात ओळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं सर्व्हे नंबरप्रमाणं यादी लावली. नंबराला कसला आलाय मान, असा तिचा हिशेब. तर पहिलाच नंबर निघाला मसणवट्याला लागून, आणि 'मसणातनं गाव मोजायला लागलात काय' म्हणून तिघं उठून गेले. मग तिनं क्षेत्राप्रमाणं लावली. मोठं क्षेत्र वर ठेवलं तर नऊ एकरवाला घाबरला, कारण मुलीची सोयरीक चालली होती आणि हुंड्याची बोलणी त्यानं चार एकरांच्या बेतानं केली होती. लहान क्षेत्र वर ठेवलं तर पाऊण एकरवाला म्हणाला, "आमची गरिबी पयल्या नंबरात लिवलीसा व्हय?" शेवटी तिनं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्यांना तरी कुणी नावं ठेवणार नाही असं तिला वाटलं. पहिली चिठ्ठी निघाली पुन्हा अडिवेप्पाची.

"बाईंनी मुद्दाम उचलली," मागून कुणीतरी म्हणालं.

"डोळे मिटून उचलली की!" दुसऱ्यानं सांगितलं.

"मिटलेल्या डोळ्यांनीच मुद्दाम उचलतात," सटवाजी म्हणाले आणि त्या दिवसापासून अडिवेप्पासुद्धा रुसला, कारण दोनदा पहिला आल्यामुळं त्याच्या घरी सासुरवाडीची माणसं बोलेनाशी झाली होती.

या सगळ्या काळात गावात एकच माणूस आशेनं जगत होतं. कौसल्या. प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव तिचं होतं. नवरा हुबळीला तारिहाळच्या एका कारखान्यात कामाला, रविवारी येणारा, त्यामुळं सव्वा एकराचं रान तीच बघायची. यंदा तिनं सगळ्या रानात उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा घातल्या होत्या. विहिरीला पाणी होतं, पण पाटानं सोडलं की निम्मं पाटच पिऊन टाकायचा. खालचा तुकडा हिरवागार आणि वरचा, पाऊण एकराचा, दुपारी पानं मिटून पडलेला. दीपश्रीनं स्वतः जाऊन पाहिलं होतं. याच पाण्यावर तुषार संच लावला असता तर सगळं रान भिजलं असतं, आणि तेही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावला तरच. नंतर नुसता पाला राहणार.

म्हणून कौसल्या रोज सकाळी घागर घेऊन पंचायतीवरून जायची आणि दारातून विचारायची, "अक्का, आज कोण रुसलं?"

"तिघं."

"पक्कं रुसलेत की नुसतं तोंडानं?"

"तोंडानं."

"मग काय उपेग!" ती घागर दुसऱ्या काखेत घ्यायची. "ह्या गावात कुणाला धड रुसताबी येत न्हाई."

ती नुसती विचारून थांबत नसे. ज्याचं नाव वहीत चढलं त्याच्या घरी ताकाच्या निमित्तानं जायची आणि रुसवा किती खोल गेलाय ते चाचपून यायची. कुणाकुणाला जरा हवाही घालायची. "मामा, तुमच्यासारख्यानं कशाला सही करावी? बाणा सोडू नका." मामा बाणा सोडत नसत, पण संचही सोडत नसत. मुदत पंचवीस तारखेपर्यंत होती आणि शेवटच्या दिवशी सही करायची हे सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलेलं होतं. रुसायचं पंधरा दिवस, आणि पूर्ण पंधरा दिवस.

दीपश्रीची पंचाईत निराळीच. एकजण खरोखर अडून बसला तर कौसल्याचा वरचा तुकडा वाचणार होता, आणि दीपश्रीचं काम होतं कुणालाही अडून बसू न देणं. साहेबांचा निरोप आला होता: वीसच्या वीस सह्या पाहिजेत, भानगड नको. वीसपैकी सही आली होती एकाचीच, कुणा गुरुराज भीमराव हुद्दारांची, आणि ती तालुक्याच्या कचेरीतूनच संमतिपत्रासकट आली होती. शहरात राहून जमीन कसणारे एखादे वेळच्या वेळी कागद पुरे करणारे गृहस्थ असणार, असं दीपश्रीला वाटलं. तिला त्यांच्याबद्दल जरा आदरही वाटला.

सतरा तारखेला तिला उपाय सापडला. देवळाजवळच्या चौकात पंचायतीची पाण्याची टाकी होती, पुरुषभर उंचीची, सिमेंटची, गोल. दीपश्रीनं टेप घेऊन तिचा घेर मोजला: दहा मीटर पाच सेंटिमीटर. वीस नावं, प्रत्येकाला अर्धा मीटर. ती टेप गुंडाळायची विसरून तिथंच हसत उभी राहिली. गोलाला पहिला नाही आणि शेवटचा नाही. भूमिती तिच्या मदतीला धावून आली होती.

तिनं सभा बोलावली आणि समजावून सांगितलं. सगळे विचारात पडले.

"म्हणजे माझ्या वर कोण?" सटवाजींनी विचारलं.

"कुणी नाही."

"आणि खाली?"

"जमीन."

हे त्यांना आवडलं. पण ते असे सहजी सोडणाऱ्यातले नव्हते. "वरचे पाच सेंटिमीटर कुणाला?"

"प्रत्येकाला पाव पाव सेंटिमीटर."

"मोजून?"

"मोजून, अप्पा."

नावं रंगवायला गणेश आला. तो हुबळी-अळणावर रस्त्यावरच्या सगळ्या पाट्यांचा पेंटर. जुन्या हुबळीतल्या दुकानांच्या पाट्यांपासून ट्रॅक्टरच्या मागच्या नक्षीपर्यंत काहीही काढायचा. दीपश्रीनं त्याला खडूनं वीस खण आखून दिले. गणेशनं टाकीभोवती एक चक्कर मारली आणि तो म्हणाला, "अक्का, एक इचारू? पयलं नाव कुठलं काढू?"

हा प्रश्न दीपश्रीला सुचलाच नव्हता. शेवटी असं ठरलं की गणेशनं भर दुपारी, गाव जेवून आडवं झाल्यावर रंगवायला घ्यावं आणि कुठून सुरुवात केली ते विसरून जावं. त्यानं ते इमानानं केलं. संध्याकाळी सात जणांनी त्याला वेगवेगळं बाजूला घेऊन चहा पाजला आणि हळूच विचारलं. तो सातही वेळा म्हणाला, "आठवत न्हाई, मामा," आणि सातही चहा प्याला.

जागा मात्र ज्यानं त्यानं आपापली मागून घेतली होती. सटवाजींना उगवतीकडची पाहिजे होती. अडिवेप्पाला मारुतीसमोरची. नऊ एकरवाल्याला बसच्या रस्त्याला पाठमोरी, म्हणजे सोयऱ्यांना दिसणार नाही. एकानं नळाच्या वरची घेतली, कारण पाणी भरताना सगळं गाव तिकडंच बघणार. एकाचं नाव चिंचेकडं, एकाचं शाळेकडं. प्रत्येकाला आपल्यापुरतं पहिलं असण्याचं काहीतरी कारण सापडलं. वीसपैकी एकच खण उरला, टाकीच्या मागचा. समोर चार हातांवर उकिरडा. तो कुणी मागितला नाही. ज्याच्यातर्फे कुणीच बोललं नव्हतं ते एक नाव गणेशनं तिथं काढून टाकलं.

एकवीस तारखेपर्यंत एकोणीस जणांनी सह्या केल्या. सटवाजींनी सर्वांत शेवटी केली, आणि शेवटी करण्यातच कसा मान आहे ते सगळ्यांना सांगितलं. दीपश्रीनं वही मिटली. उपायाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'टाकी' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या आली, पण दारातून विचारलं नाही. घागर खाली ठेवली आणि उंबऱ्यावर टेकली.

"मिटलं म्हणे सगळं."

"मिटलं," दीपश्री म्हणाली. एवढं म्हणताना तिला अपराध्यासारखं वाटलं. "पुढच्या वर्षी तुमचं नाव वर घेऊ, कौसल्याक्का. मी स्वतः लिहिते."

"पुढल्या वर्साचं शेंगांना सांगून बघते." मग जरा वेळानं ती म्हणाली, "आता पाणी भरताना टाकीला चक्कर मारून आले. कोण कोण माज्या पाण्यावर बसलंय ते तर बघू म्हटलं. तुमची वही दावा की."

दीपश्रीनं वही पुढं केली. कौसल्याला वाचायला बेताचं येत होतं, पण तिनं अक्षरांकडं पाहिलंच नाही. नुसत्या ओळींवरून बोट नेत गेली.

"एकोणीस."

"काय एकोणीस?"

"रुसलेले एकोणीस. मी घरं मोजलीत, एकोणीस घरी ताक नेलं. अक्का, संच किती?"

"वीस."

"मग इसावा का रुसला न्हाई?"

दीपश्रीनं वही आपल्याकडं ओढून ओळी पुन्हा मोजल्या.

"त्या मागल्या खणातला," कौसल्या म्हणाली. "उकिरड्याकडं तोंड करून नाव लिवलंय, रोज त्याच्यावर कोंबड्या उडूलाल्यात, आणि माणूस गप्प? भांडायला आला न्हाई, निरोप न्हाई, शिवी न्हाई. अक्का, त्यो आपल्या गावचा न्हवंच."

दीपश्रीनं आयुष्यात पुष्कळ आकडे मांडले होते. शेतातल्या चाळीस डब्यांपैकी एक कोरडा राहिला असता तर ती धावत जाऊन बघून आली असती, डबा फुटका आहे की फवारा अडलाय. इथं एक डबा पंधरवडाभर कोरडा पडला होता आणि तिला त्या डब्याचा आदर वाटला होता.

दोघी टाकीकडं गेल्या. वाटेत सटवाजींना हाक मारली. ते आले, कारण बोलावणं आलं की जायचं हाही मानच. दीपश्रीनं मागच्या खणातलं मोठ्यानं वाचलं: "गुरुराज भीमराव हुद्दार. सर्व्हे नंबर अठ्ठ्याऐंशी. एक एकर तीस गुंठे."

"किती म्हणालासा?" सटवाजी म्हणाले.

"एक एकर तीस गुंठे."

"ते न्हवं. नंबर."

"अठ्ठ्याऐंशी."

सटवाजींनी पटका काढला, डोकं खाजवलं आणि पटका परत घातला. "अठ्ठ्याऐंशी म्हणजे आपलं तळं की वो बाई."

"तळं?" दीपश्रीनं विचारलं.

"गावतळं. पलीकडं शहाऐंशी माजा, सत्त्याऐंशी अडिवेप्पाच्या सासऱ्याचा, अठ्ठ्याऐंशी तळं. बापजन्मापासनं." मग त्यांना हसू फुटलं, आधी पोटात आणि मग पटक्यापर्यंत. "तळ्याला पाणी शिंपडायला फवारा मागिटलाय गड्यानं!"

"पण अप्पा, ही यादी बारा दिवस इथं आहे! तुम्ही चार वेळा वाचलीत. सगळ्यांनी वाचली. कुणी कसं बोललं नाही?"

सटवाजींचं हसणं थांबलं. ते कौसल्याकडं बघायला लागले आणि कौसल्या कोंबड्यांकडं.

"सांगा की," दीपश्री म्हणाली.

"त्याचं काय हाय बाई, एकतर आम्ही आपापली ओळ बघितली, आणि वरच्याची. बाकीच्यात काय बघायचं? आणि दुसरं…" ते अडखळले. "नाव गुरुराज. हुद्दार. धारवाडकडचं वाटतंय. आम्हाला वाटलं, तुमच्यातलंच कुणीतरी असंल. तुमचा मामा-बिमा. बाईंच्या माणसाबद्दल कोण इचारणार? बरं दिसत न्हाई ते."

दीपश्रीचे कान तापले. नारळासाठी, घरजावयासाठी, पाव सेंटिमीटरसाठी तिला पंधरवडाभर भंडावून सोडणाऱ्या गावानं या एका बाबतीत तिची भीड राखली होती. सगळ्या गावानं, एकमेकांना न विचारता.

"माझा कुणी मामा नाही," ती म्हणाली. तिला दोन मामा होते, पण दोघंही पुण्याला.

खात्री म्हणून ती सायकल काढून तळ्यावर जाऊन आली. मार्चचं तळं निम्मं आटलेलं, आणि उरलेल्या निम्म्यात पाच म्हशी नाकापर्यंत बुडून बसलेल्या. त्यातली कुठलीही तुषार संचावाचून अडलेली दिसली नाही. मग अळणावरला जाऊन तिनं उताऱ्याची नक्कल काढली. त्यावर स्वच्छ छापलेलं होतं: सरकारी तळं.

हरकत कौसल्यानंच घ्यायची होती, आणि ती दीपश्रीनं लिहून देणं बरोबर नव्हतं. अंगणवाडीच्या अंबूताईंनी लिहून दिली. कौसल्या सांगत गेली. 'सदर हुद्दार या गावात राहत नाही. सदर जमीन तळं आहे. तळ्याला पाणी आहे. मला नाही.' अंबूताई म्हणाल्या, थोडं वाढवून लिहूया. कौसल्या म्हणाली, कशाला, खरं तेवढं झालं की. खाली तिनं सही केली आणि सटवाजींसकट एकोणीस जणांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. एकमेकांच्या मानापानाला पुरून उरलेले ते एकोणीस जण तळ्याच्या बाबतीत मात्र एका ओळीत उभे राहिले. गावाचं तळं बाहेरच्यानं आपलं म्हणावं हे कुणालाच सोसणारं नव्हतं. रुसायला इतकं चांगलं कारण त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

चोवीस तारखेला दीपश्री तो कागद घेऊन तालुक्याला गेली. साहेबांनी हरकत वाचली, उतारा वाचला आणि मान हलवली.

"टंकलेखनाची चूक आहे, म्याडम."

"सर, चुकीला वडिलांचं नाव असतं? सही असते?"

साहेबांनी वर पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता. "तुम्हाला मी कागद चिकटवून सोडा म्हटलं होतं."

"हो, सर."

"रंगवलंत?"

"ऑइल पेंटनं, सर. पाण्याच्या टाकीवर."

"पुसून घ्या मग. विषय संपला."

"पुसते, सर. पण पुसलं की तिथं दुसरं काय लिहायचं ते आजच ठरायला हवं, मुदत उद्या संपते. रोज सकाळी शे-दीडशे माणसं तिथं पाणी भरतात. खण मोकळा दिसला की विचारतील. काल रात्रीपासून आजूबाजूच्या गावांतून तळ्याचा फवारा बघायला माणसं यायला लागलीत."

शेवटचं वाक्य जरासं फुगवलेलं होतं. आला होता एकच माणूस, आणि तो म्हैस शोधत आला होता. पण साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. हुद्दारांचं नाव रद्द झालं, प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव वर आलं आणि खाली सही पडली. हुद्दार कोण, त्यांच्या नावानं कचेरीत सही कुणी केली, ते दीपश्रीला कळलं नाही. तिनं चौकशीचा वेगळा अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, आणि पुढं बरेच दिवस तिच्याकडं ती पोचच होती.

पंचवीसला सकाळी गणेशनं मागचा खण पांढरा केला. कौसल्या शेजारी उभी राहून बघत होती.

"गणेश, नाव जरा बारीक काढ."

"का? सगळ्यांचं सारखं हाय."

"दीर अळणावरच्या बाजाराला ह्याच वाटेनं जातोय. त्याला दिसलं की उद्या पाइपा मागायला दारात. 'वैनी, चार दिवस द्या.' चार दिवसांच्या पाइपा मग दिवाळीला येतात."

"कौसल्याक्का," दीपश्री म्हणाली, "हे लिहायचं ते सगळ्यांना दिसावं म्हणूनच ना!"

"सरकारला दिसू दे. दिराला कशाला?"

अक्षरं सारख्याच मापाची निघाली. कौसल्यानं ती बघितली, पुसून काढावीत की काय असा एक विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला आणि मग ती घरी गेली. आता ताक घेऊन कुणाचा रुसवा चाचपायला जायचं नव्हतं.

संच आला चार एप्रिलला. पाइप जोडायला निम्मं गाव आलं, म्हणजे दोघं जोडत होते आणि बाकीचे कसं जोडावं ते सांगत होते. दीपश्रीनं वरच्या तुकड्यात शेंगांच्या ओळींमधून मोजून बारा डबे मांडले. विहिरीवरचं इंजिन सुरू झालं. फवाऱ्यानं आधी दोनदा खाकरून लाल माती टाकली आणि मग पाण्याची एक लांब पांढरी कमान सुटली, टक्-टक् करत वळायला लागली. मिटलेल्या पानांवर थेंबांचा आवाज आला. कौसल्या बांधावर पदर तोंडाशी धरून उभी होती.

सटवाजी तिच्या पलीकडं, बांधाच्या टोकाला, पांढऱ्या धोतरात उभे होते. कमान फिरत फिरत त्यांच्याकडं आली आणि त्यांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवून पुढं गेली. बाकीचे पळाले. ते हलले नाहीत.

"अप्पा, मागं सरा की!" दीपश्री ओरडली.

"मी का म्हणून सरू?" पटक्यातून पाणी निथळत असताना सटवाजी म्हणाले. "पाण्यानं सरावं."

कमान पुन्हा फिरून यायला लागली. कौसल्याला हसू आवरेना. तिनं चपला काढल्या आणि ती वरच्या तुकड्यात शिरली. माती कुठपर्यंत ओली झाली ते अंगठ्यानं उकरून बघत बघत पार शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि तिथून हात वर करून तिनं सांगितलं, "आलं हितंपातूर!"